न्हाण्यापासून मोजलेले दिवस

माझी सगळी नोकरी कृषी खात्यात गेली, आणि त्यातली बहुतेक सौंसर तहसिलीतल्या संत्र्याच्या बगिच्यांत. संत्र्याला बहार यायचा असेल तर आधी ताण द्यावा लागतो, म्हणजे काही दिवस झाडाचं पाणी तोडायचं आणि मग नेमक्या दिवशी सोडायचं. पाणी कधी तोडायचं आणि कधी सोडायचं हे लोकांना सांगत फिरायचं, हे माझं काम. मोहगावपासून रामाकोन्यापर्यंत लोकांनी माझ्या सांगण्यावरून तारखा धरल्या आणि त्यांचे बगिचे फुलले. तारखांच्या बाबतीत मी पक्का माणूस असा माझा लौकिक आहे. खिशात डायरी, डायरीला अडकवलेलं पेन. कोणी "अंदाजे" म्हणालं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं याच पक्केपणानं केलं.

आम्हाला मूल नाही. बायको पांढुर्ण्याची, तिच्या वडिलांचं तिथं कापडाचं लहानसं दुकान होतं. लग्न होऊन आली तेव्हा माहेरून शिलाई मशीन घेऊन आली आणि वर्षभरात गल्लीतले निम्मे ब्लाउज तिच्या हातचे झाले. पहिली दोन वर्षं कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या वर्षी माझ्या मायनं बोलायला सुरुवात केली. आधी देवाला, मग शेजारणीला, मग थेट तिला. "कूस कोरडी हाये हिची," असं ती एकदा ओसरीत बसून बोलली आणि मी आत पेपर वाचत होतो. मी पेपर वाचतच राहिलो.

गल्लीत एका घरी पहिलं बाळ झालं. त्या बाईचे सगळे ब्लाउज माझ्या बायकोनं शिवलेले, पण बाळाचं झबलं शिवून घ्यायला ती मोहगावला गेली. बायकोनं मला हे भात वाढताना सांगितलं, अगदी साध्या आवाजात. मी म्हणालो, असतात लोक असे.

शेवटी आम्ही नागपूरला गेलो. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळी परत, घरी सांगायचं की मशीनचं सामान आणायला चाललो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बायकोच्या तपासण्या केल्या. सगळ्या चांगल्या निघाल्या. मग त्यांनी एक कागद माझ्या नावानं लिहिला आणि म्हणाल्या, यांचीही तपासणी करावी लागेल. मी तो कागद चार घड्या करून डायरीत ठेवला. पुढच्या खेपेला करू म्हणालो. ती पुढची खेप कधी आली नाही. काय तपासतात आणि कसं, हे बाहेरच्या कंपाउंडरनं दोन वाक्यांत सांगितलं होतं, आणि माझे कान इतके तापले की मी बायकोला न घेताच जिना उतरलो.

डॉक्टरीणबाई मात्र समंजस होत्या. म्हणाल्या, घाई नाही, तुमची वयं लहान आहेत, आधी साध्या गोष्टी करून पाहा. यांनी थोडं वजन कमी करायचं, तुम्ही तंबाखू सोडायची, दोघांनी रोज चालायचं, वेळेवर जेवायचं, वेळेवर झोपायचं, चहा कमी. आणि दिवस पाहायचे. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजा, बारावा ते सोळावा हे दिवस जवळ राहा. यांची पाळी जरा लवकर येते, तेव्हा एखाद-दोन दिवस आधीपासून राहिलात तर उत्तमच. मी डायरी काढली आणि लिहून घेतलं. बायको मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मला खरं सांगू का, आनंद झाला. तपासणीबिपासणीची भानगड नाही, सगळं आपल्या हातातलं, आणि तारखांचं. एखादी सरकारी योजना राबवावी तशी मी ती राबवायला घेतली. दुसऱ्या दिवशी तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद केला. सौंसरात खर्रा न खाणारा साहेब म्हणजे लोकांना काहीतरी बिनसलंय असं वाटतं. पानठेल्यावाल्यानं आठ दिवस माझ्याकडे संशयानं पाहिलं. डोकं दुखायचं, तोंड कडू व्हायचं, सगळ्यांवर खेकसायचो, पण परत हात लावला नाही. बायकोनं जवसाची चटणी, भिजवलेले बदाम, उडदाचे लाडू, पालेभाजी असं सगळं सुरू केलं. चहा दोन कपांवर आणला. जेवण सातला.

आणि रोज सकाळी आम्ही मोहगावच्या रस्त्यानं पुलापर्यंत चालायला लागलो. सुरुवातीला ती दोन पावलं मागं असायची, लोक पाहतात म्हणून. मग महिन्याभरात बरोबर चालायला लागली. घरात ती फारसं बोलत नसे, माय सतत कानोसा घेत असायची. पण त्या रस्त्यावर ती सुटायची. कोणत्या बाईचे दोन खांदे सारखे नाहीत, कोण माप देताना पोट आत घेते, सगळं सांगायची आणि स्वतःच हसायची. दोन्ही बाजूला बगिचे, बहाराच्या दिवसांत तर तो वास अंगाला चिकटून घरापर्यंत यायचा. आमच्या संसारातली चांगली वर्षं कोणती असं कोणी विचारलं तर मी त्या पुलाकडे बोट दाखवीन. तिचं वजन उतरलं, माझा दम वाढला. फक्त ज्यासाठी चाललो होतो तेवढं झालं नाही.

आता मोजणीचं सांगतो. आमच्या घरी मायचा नियम कडक होता. त्या चार दिवसांत बायको मागच्या पडवीत बसायची. ताट वेगळं, गोधडी वेगळी, मशीनला हात लावायचा नाही. मी मागच्या दारानं जायचंसुद्धा नाही. त्याबद्दल घरात कोणी शब्द काढत नसे. चार दिवस ती घरात नाहीच, असं धरून आम्ही सगळे वागायचो. पाचव्या दिवशी ती डोक्यावरून न्हायची, ओल्या केसांनी चहा घेऊन यायची आणि हळूच म्हणायची, "आज न्हाली." तेवढंच. मी कॅलेंडरवर बारीक फुली मारायचो आणि डायरीत लिहायचो, एक.

तो माझा पहिला दिवस. जे चार दिवस ती घरात नव्हतीच, ते मी मोजणार तरी कसे? इतकंच नाही, मला ते अगदी शास्त्रशुद्ध वाटायचं. बगिच्यातही आम्ही पाणी सोडलं त्या दिवसापासूनच मोजतो. तिच्या माहेरीही तिची आई, वहिनी सगळ्या न्हाण्यापासूनच मोजायच्या, त्यामुळं तिलाही त्यात वेगळं काही दिसलं नाही. कॅलेंडरवरच्या फुल्या मायच्या नजरेत भरल्या. मी सांगितलं, सिलिंडर लावल्याची खूण आहे. तेव्हापासून माय दर महिन्याला शेजारी सांगायची, "पोरंबाळं नाईत घरात, तरी किती गॅस जाळते ही." बायको ऐकून घ्यायची.

त्यावर कळस म्हणजे ताण. ही भर माझी स्वतःची. रामाकोन्याकडच्या एका म्हाताऱ्या बागवानाच्या बांधावर बसलो होतो. तो सहज म्हणाला, "सायेब, झाडाले सदानकदा पानी देत राह्यलं तं थे नुसतं पालाच वाढवते. उपाशी ठेवा, मंग पाहा कसं फुलते." हे मला माहीत नव्हतं का? मीच दहा गावांत सांगत होतो. पण त्या दिवशी ते डोक्यात वेगळंच बसलं. वाटलं, माणसाचंही तसंच असणार. उगाच रोजच्या रोज शक्ती खर्च कशाला? साठवावी, आणि नेमक्या दिवशी... मी घरी येऊन दोन खाटा वेगळ्या केल्या. एक खिडकीपाशी, एक भिंतीपाशी. बारावा उजाडेपर्यंत मी खिडकीपाशी. एखाद-दोन दिवस आधीपासून असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तेही मी खोडून टाकलं. ताण पुरा झाला पाहिजे.

तिनं एकदाच विचारलं, चालायला गेलो तेव्हा.

"अहो, तुमी मोजनी कुठून धरून राह्यले?"

"डॉक्टरनं सांगितलं तिथून. पहिल्या दिवसापासून."

"पहिला म्हंजे कोनता?"

"पहिला म्हंजे पहिला. तुले काय करा लागते त्याचं? मी पाहून राह्यलो नं."

ती पुलापर्यंत पुन्हा दोन पावलं मागं चालली. ते मी पाहिलं होतं. पाहूनही मला वाटलं, बरं झालं, आता मध्ये मध्ये करणार नाही.

आणि एक दुपार आहे. रविवार होता, माय पांढुर्ण्याला एका लग्नाला गेलेली. घरात आम्ही दोघंच, असं वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं. मी खिडकीपाशी पडलो होतो. ती मशीनवरून उठली, माझ्या खाटेच्या कडेला येऊन बसली आणि माझ्या हातावर हात ठेवला. बोटांना दोऱ्याच्या गुंडीचा वास होता. स्वतःहून तिनं असं कधी केलं नव्हतं. मी हात काढून घेतला नाही, एवढा काही मी दगड नव्हतो, पण डायरी उघडून पाहिली. तिच्यासमोर उघडून पाहिली. आणि म्हणालो, "आज आठवा हाये. अजून चार दिवस."

ती उठली आणि परत मशीनवर जाऊन बसली. पुन्हा कधी ती आपणहून जवळ आली नाही.

अशी बावीस वर्षं गेली. मधे लोकांनी सांगितलेलं काय काय खाल्लं, काय काय सोडलं. हळूहळू चालणं सुटलं, लाडू सुटले, फुल्या मात्र मी शेवटपर्यंत मारत राहिलो. तिनं सगळं आपल्यावर घेतलं. गल्लीत कोणाचं डोहाळजेवण असलं की तिची कंबर दुखायची. एकदा मी तिला आरशासमोर पोटावर हात ठेवून उभी असलेली पाहिली. "याच्यातच काई खोट हाये," असं ती पोटाला उद्देशून म्हणाली, मी दारात आहे हे तिला माहीत नव्हतं. मी आलो तसाच मागं फिरलो. गेल्या वर्षी तिची पाळी थांबली. "आता न्हाली सांगाची कटकट गेली," एवढंच म्हणाली.

मागच्या थंडीत रामाकोन्याला शेतकऱ्यांची सभा होती. मी लवकर पोहोचलो. हॉलमध्ये आधी आरोग्य खात्याचा कार्यक्रम चालू होता, नव्या जोडप्यांसाठी. समोर आठ-दहा जोडपी, मागच्या खुर्चीवर मी डायरी घेऊन. बोलणारी नर्सबाई याच भागातली, चांगली तोंडाळ आणि हसरी. तंबाखू, वजन, झोप, जेवण, सगळं तेच सांगत होती. मी मनात म्हणत होतो, पाठ आहे मला बाई. मग ती दिवसांवर आली.

"पहिला दिवस म्हंजे अंगावर जाऊ लागलं थो दिवस. न्हाल्याचा नाई. आपल्या इकडं बाया चार दिवस दूर बसते अन् न्हानं झालं का मंग एक म्हनून मोजाले लागते. मंग थे चार दिवस गेले कुठी? आमच्या घरी दूर बसत नाईत, म्हनून मले हे समजालेच दोन वर्सं लागले. माह्यासमोर किती बाया रडून गेल्या याच्यापायी."

जोडपी हसली. मी डायरीच्या पुठ्ठ्यावर बोटांनी मोजायला लागलो. बारा अधिक चार, सोळा. सोळा अधिक चार, वीस.

मागच्या रांगेतल्या एका नवऱ्या मुलानं विचारलं, "मॅडम, मंग बाकीचे दिवस दूर राहून ताकद वाचवाची काय?"

"काऊन? तू का बगिचा हाये ताण द्याले?" ती म्हणाली, आणि सगळा हॉल हसला. "दोन-तीन दिवसाआड दोघं जवळ असले का झालं, मोजाचीबी गरज नाई. बाईचं बीज एकच दिवस राह्यते, थो दिवस हुकला का त्या महिन्याचं संपलं. अन् एक आयका, त्या दिवसांत बाईचंच मन ओढ घेते कित्येकदा. बायकोनं हात धरला तं तारीख पाहू नोका."

ती गमतीनं बोलत होती. माझी बोटं पुन्हा पुठ्ठ्यावर गेली. आठ अधिक चार, बारा. ती पाळी लवकर येणारी बाई. बारावा.

मग माझी सभा झाली. काय बोललो ते आठवत नाही. शेवटी एकानं विचारलं, सायेब, यंदा पानी कधी सोडाचं? मी म्हणालो, पाहा अंदाजे. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागली.

घरी आल्यावर मी पेटीतल्या जुन्या डायऱ्या काढल्या. मी काही फेकत नाही. जमिनीवर बसून एकेक महिना काढला आणि प्रत्येक आकड्यात चार मिळवत गेलो. प्रत्येक महिना सोळाव्यालाच सुरू होत होता, आणि हिची पाळी लवकर येणारी, म्हणजे तोवर दिवस उलटून गेलेले; एकही महिना बरोबर निघाला नाही. एखादा तरी चुकून बरोबर निघावा म्हणून मी धडपडत होतो. मी थोडा गलथान असतो, डायरी विसरणारा असतो, बायकोच्या मागं लागणारा आडदांड नवरा असतो, तरी आमचं भलं झालं असतं. जगात इतकी बेशिस्त माणसं बाप होतात. हे मनात आलं आणि मी त्या डायऱ्यांत बसून रडलो.

बायको दारात कधी आली कळलं नाही. हातात कात्री होती. मी सांगितलं. न सांगून चालण्यासारखं नव्हतं, ती आरशासमोरची मला दिसत होती. सगळं सांगितलं, न्हाण्याचं, खाटांचं, नर्सबाईचं.

तिनं कात्री खाली ठेवली. "मंग माह्यात खोट नव्हती?"

"तुझ्या तपासण्या सगळ्या चांगल्या होत्या. माझी मी केलीच नाही, त्यामुळं माझं काय ते देव जाणे. पण ते सोड. आपण त्या दिवसांत जवळच नव्हतो कधी."

"एकदाबी नाई?"

"एकदाही नाही."

तिनं एक डायरी उचलली आणि परत खाली ठेवली. "मी हात देला होता एकदा," ती म्हणाली.

"माहीत हाये मले. बारावा होता थो."

मला वाटलं ती रडेल, निदान मला चार शिव्या देईल. मी वाट पाहत होतो. ती म्हणाली, "मायले सांगा."

माय आता अंथरुणाला खिळलेली आहे. पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या दाराशी तिची खाट, कारण तिला माणसं दिसायला लागतात. कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. तिचं खाणंपिणं, अंग पुसणं, सगळं बायकोच करते.

"आता तिला काय सांगायचं?" मी म्हणालो. "ऐकू तरी येते काय तिला?"

"मोठ्यानं सांगा."

रस्त्यापलीकडचं किराणा दुकान उघडं होतं, समोरच्या ओट्यावर दोन बायका वाटाणे सोलत होत्या. ज्या शब्दाला घाबरून मी बावीस वर्षं कॅलेंडरवर फुल्या मारल्या, तो मला भर चार वाजता रस्त्याच्या तोंडाशी ओरडायचा होता. मी मायच्या कानाशी वाकलो. आणि ओरडलो, "माय, हिच्यात खोट नव्हती! हिचे पाळीचे दिवस मी चुकीचे मोजले! मी! हिच्यात काईच खोट नव्हती!"

समोरच्या बायकांचे हात थांबले. मायनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं उभ्या असलेल्या सुनेकडे. तिला सगळं ऐकू आलं होतं, डोळ्यांवरून कळत होतं.

"आता काऊन सांगून राह्यला?" ती म्हणाली. "आता काय उपेग त्याचा?"

मागून बायकोचा आवाज आला.

"मले हाये," ती म्हणाली. "पुन्ना सांगा."

मी पुन्हा सांगितलं.